वाचकांचे प्रश्न : जपानी व्हिस्की

गेल्या अंकात जपानी व्हिस्कीबद्दल प्रश्न मागवले होते. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत, मजकूर तोच आहे.

भाच्याने तोक्योहून व्हिस्की आणली. बाटली देखणी, नाव जपानी. पण मित्र म्हणतो, आत स्कॉटलंडची व्हिस्की आहे. असं होऊ शकतं का? ओळखायचं कसं? – एक वाचक, म्हापसा

होऊ शकतं, आणि बरीच वर्षं सर्रास होत होतं. जपानचा मद्यकराचा कायदा या बाबतीत फार सैल आहे. परदेशातून पिंपांनी आणलेली व्हिस्की तिथे बाटलीत भरून जपानी नावाने विकायला त्यात आडकाठी नव्हती. जगभर मागणी वाढली तेव्हा याचा गैरफायदा घेणारेही वाढले. शेवटी जपानच्या मद्य उत्पादकांच्या संघटनेने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्वतःचे नियम जाहीर केले. १ एप्रिल २०२१ पासून ते लागू झाले आणि जुनी लेबलं बदलायला ३१ मार्च २०२४ पर्यंत मुदत दिली गेली.

त्या नियमांप्रमाणे 'जॅपनीज व्हिस्की' म्हणायचं तर धान्यात मोड आणलेलं धान्य, म्हणजे माल्ट, असायलाच हवं आणि पाणी जपानमधलं हवं. धान्यातल्या पिठाची साखर करणं, आंबवणं आणि गाळणं हे जपानमधल्या डिस्टिलरीतच व्हायला हवं. गाळलेल्या अर्काची तीव्रता, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, ९५% पेक्षा कमी असावी. तो ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या लाकडी पिंपात, जपानमध्येच, किमान ३ वर्षं मुरवावा. बाटलीतही तिथेच भरावा आणि तेव्हा तीव्रता किमान ४०% असावी. रंगासाठी कॅरॅमल चालतं.

हा संघटनेचा नियम आहे, सरकारी कायदा नव्हे. जे सभासद नाहीत त्यांच्यावर तो बंधनकारक नाही. म्हणून लेबलवर 'जॅपनीज व्हिस्की' हे दोन शब्द एकत्र आहेत का ते आधी बघा. नुसतं 'ब्लेंडेड व्हिस्की', 'वर्ल्ड व्हिस्की' किंवा 'जपानमध्ये बाटलीबंद' असं असेल, तर आत बाहेरची व्हिस्की असण्याची शक्यता धरून चाला. त्यानंतर डिस्टिलरीचं नाव शोधा. एकाही डिस्टिलरीचं नाव नाही, पण चित्रात सामुराई, फुजी पर्वत आणि चेरीची फुलं असतील, तर आम्ही ती बाटली जपानी म्हणून घेणार नाही.

मात्र नियमात न बसणारी प्रत्येक बाटली वाईट असते असंही समजू नका. ५१.४% तीव्रतेची 'निक्का फ्रॉम द बॅरल' या व्याख्येत बसत नाही आणि कंपनी ते उघडपणे सांगते. चवीला ती उत्तम आहे. सनटोरीच्या 'आओ'वर तर पाच देशांच्या व्हिस्कींचं मिश्रण असल्याचं स्पष्टच लिहिलेलं असतं. अशा बाटल्यांत फसवणूक नाही, ती लपवाछपवीत असते.

जपानमध्ये व्हिस्की कुणी सुरू केली? तोरी की ताकेत्सुरू, यावर आमच्या गटात वाद आहे. – एक वाचक, काणकोण

दोघांनाही श्रेय द्यावं लागेल. शिंजिरो तोरी हे ओसाकाचे व्यापारी. १९०७ मध्ये त्यांनी 'आकादामा' ही गोड वाइन बाजारात आणली आणि त्यातून भांडवल उभं केलं. मासाताका ताकेत्सुरू हिरोशिमा प्रांतातल्या ताकेहाराच्या साके बनवणाऱ्या घराण्यातले. १९१८ मध्ये त्यांच्या तेव्हाच्या कंपनीने त्यांना स्कॉटलंडला पाठवलं. ग्लासगोत शिक्षण, लाँगमॉर्न आणि कॅम्पबेलटाउनच्या हेझलबर्नमध्ये प्रत्यक्ष काम, असं करून १९२० मध्ये ते पत्नी रीटा कोवन हिच्यासह जपानला परतले. पाठवणाऱ्या कंपनीने तोवर व्हिस्कीचा बेत सोडून दिला होता.

तोरींनी १९२३ मध्ये त्यांना दहा वर्षांच्या करारावर घेतलं. क्योतो आणि ओसाकाच्या मधल्या यामाझाकीत डिस्टिलरी उभी राहिली आणि १९२४ मध्ये तिथे गाळप सुरू झालं. १९२९ ची पहिली व्हिस्की 'शिरोफुदा' खपली नाही, कारण पीटच्या, म्हणजे जव वाळवताना जाळतात त्या दलदलीतल्या मातीच्या, धुराचा वास जपानी ग्राहकाला सोसवला नाही. पुढे तोरींनी जपानी जेवणाला रुचेल अशी हलकी चव धरली आणि १९३७ ची 'काकुबिन' चालली. ताकेत्सुरू १९३४ मध्ये वेगळे झाले. थंड, दमट हवा आणि पीट यांमुळे स्कॉटलंडशी जुळणारं होक्काइदोतलं योइची त्यांनी निवडलं. पहिली व्हिस्की मुरेपर्यंत त्यांची नवी कंपनी सफरचंदाचा रस विकत होती. तिची व्हिस्की १९४० मध्ये आली. तोरींची कंपनी म्हणजे आजची सनटोरी आणि ताकेत्सुरूंची निक्का.

आमची काजूची भट्टी आहे. हुर्राक आणि फेणी गाळतो. व्हिस्कीचं गाळणं यापेक्षा वेगळं कसं? आणि जपानी लोक त्यात वेगळं काय करतात? – एक वाचक, वाळपई

तुम्हाला अर्धं काम माहीत आहे. काजूच्या रसात साखर आयती असते, जवात ती नसते. म्हणून जवाला आधी मोड आणतात, वाळवतात, भरडतात आणि साधारण ६३ ते ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात भिजवतात. मोडातली विकरं पिठाची साखर करतात. पाणी ७५ अंशांवर गेलं तर ती मरतात आणि साखर अर्धीच होते. गोड रस चोथ्यापासून वेगळा करून २० अंशांच्या आसपास थंड करायचा, यीस्ट घालायचं. ६० ते ९० तासांत ७-८ टक्क्यांचं आंबवण तयार होतं. घाई करून ४८ तासांत उरकलं तर अल्कोहोल मिळतं, पण शेवटच्या तासांत लॅक्टिक जिवाणू जो फळांचा वास आणतात तो हुकतो. काही डिस्टिलऱ्या लाकडी हौद जपतात ते याचसाठी. लाकडात हे जिवाणू वस्ती करून राहतात.

पहिल्या गाळपात तांब्याच्या भांड्यातून २२ ते २५ टक्क्यांचा अर्क येतो. तुमच्या हुर्राकच्या जागी हा. दुसऱ्या गाळपात सुरुवातीची उग्र धार बाजूला काढतात, मधली धार ठेवतात आणि तीव्रता ६० टक्क्यांच्या आसपास उतरली की शेवटची धार वेगळी वळवतात. तुम्ही फेस पाहून जे ठरवता, ते इथे काचेच्या पेटीत मापकावर पाहून ठरवतात. मधली धार उशिरा तोडली तर ओल्या चामड्याचा, कुबट वास उतरतो आणि पिंपात कितीही वर्षं ठेवला तरी पुरता जात नाही. जाळ जास्त झाला तर आंबवण फेसाळून थेट नळीत चढतं. ही चूक भट्टीवरही होते.

आता जपानचं वेगळेपण. स्कॉटलंडमध्ये शंभरावर डिस्टिलऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना पिंपं विकतात, बदलून घेतात. ब्लेंड करणाऱ्याला, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळणाऱ्याला, धुरकट हवी तर एकीकडून, हलकी हवी तर दुसरीकडून मिळते. जपानमध्ये सनटोरी आणि निक्का एकमेकांना पिंप देत नव्हत्या. त्यामुळे जे विविध प्रकार हवेत ते स्वतःच्याच छपराखाली करणं भाग पडलं. यामाझाकीत सोळा भांडी आहेत आणि त्यांचे आकार मुद्दाम वेगवेगळे ठेवले आहेत. सरळ मानेच्या भांड्यातून जड, तेलकट अर्क येतो. मानेला फुगा असेल तर जड वाफ तिथे थंड होऊन परत खाली पडते, तांब्याशी तिचा जास्त संबंध येतो, गंधकाचा वास कमी होतो आणि अर्क हलका येतो. शिवाय यीस्ट वेगळं, पीटचं प्रमाण वेगळं, पिंपाचं लाकूड वेगळं. एकाच डिस्टिलरीतून कितीतरी चवी निघतात. योइचीत आजही भांड्याखाली दगडी कोळसा जाळतात. तळाशी आंबवण किंचित करपतं आणि व्हिस्कीला भाजक्या धान्याची, भारदस्त चव येते. जाळ एकसारखा ठेवायला माणूस दर काही मिनिटांनी फावड्याने कोळसा घालत असतो. हे सगळं आमच्या मते जपानी व्हिस्कीचं खरं मर्म आहे. डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्याचं जाहिरातीत जेवढं कौतुक होतं, त्याच्या निम्मंही या कामाचं होत नाही.

मी सुतारकाम करतो. मिझुनारा लाकडाच्या पिंपाबद्दल वाचलं. त्यात एवढं काय आहे? आपल्याकडच्या सागाचं किंवा फणसाचं पिंप का करत नाहीत? – एक वाचक, डिचोली

मिझुनारा म्हणजे जपानी ओक. पिंपाला खिळा नाही, सरस नाही. फळ्या वाफवून किंवा भाजून वाकवतात आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळतात. त्यामुळे द्रव अडवायचं काम लाकडालाच करावं लागतं. अमेरिकन पांढऱ्या ओकच्या नळ्यांत टायलोस नावाची वाढ होते आणि त्या बुजतात, म्हणून तो गळत नाही. मिझुनारात ही वाढ कमी असते आणि तंतू पिळलेले असतात. फळी तंतूच्या रेषेत निघाली नाही तर दोन्ही टोकांतून पाझर सुरू होतो. झाड पिंपाजोगं व्हायला सुमारे २०० वर्षं लागतात, आणि त्यातही सरळ खोड क्वचित मिळतं. म्हणून ही पिंपं महाग.

दुसऱ्या महायुद्धात बाहेरून ओक येईना, तेव्हा नाइलाजाने हे लाकूड वापरात आलं. सुरुवातीला ब्लेंड करणारे नाखूश होते, ओल्या लाकडाचा कच्चा वास फार यायचा. तीच पिंपं दुसऱ्या-तिसऱ्यांदा भरून लांब मुदतीला ठेवली तेव्हा चंदन, उदबत्ती आणि खोबऱ्याचा वास उतरू लागला. बाटलीवर मिझुनारा लिहिलं म्हणून हुरळू नका. नव्या पिंपात सहा महिने फिरवलेल्या व्हिस्कीत लाकडाचा तुरटपणा मिळेल, चंदन मिळेलच असं नाही.

फणसाच्या लाकडातून पिवळा रंग सुटतो, हे तुम्ही रंधा मारताना पाहिलंच असेल. सागात नैसर्गिक तेल असतं. दोन्ही ६० टक्क्यांच्या अर्कात वर्षानुवर्षं उतरत राहणार. जपानी नियमात पिंप 'लाकडी' असावं एवढंच आहे, आणि चेरीच्या लाकडाचे प्रयोग तिथे झाले आहेत. पण व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास देणारे घटक ओकमध्ये जसे आहेत तसे इतरत्र नाहीत.

आमच्या कुंकळ्ळीत सिंगल माल्ट बनते आणि जगभर जाते. मग जपानसारखी १२ किंवा १८ वर्षांची गोव्याची व्हिस्की सहसा का दिसत नाही? – एक वाचक, कुंकळ्ळी

हिशोबच करू. पिंपातून दरवर्षी काही भाग हवेत उडून जातो. स्कॉटलंडमध्ये तो २% च्या आसपास असतो. गोव्यासाठी ८% धरा. २०० लिटरचं पिंप १२ वर्षं ठेवलं तर २% दराने सुमारे १५७ लिटर उरतात आणि ८% दराने सुमारे ७४. १८ वर्षांनी गोव्यातल्या पिंपात ४५ लिटर उरतील. परवडत नाही, आणि परवडलं तरी चवीला बरं नाही, कारण उष्णतेने लाकडाचा रस भराभर उतरतो. दहा-बारा वर्षांत व्हिस्की लाकडाच्या कषायाने झाकोळून जाईल.

यामाझाकीत उन्हाळ्यात पारा तिशीपार जातो आणि हिवाळ्याच्या रात्री शून्याजवळ येतो. उन्हाळ्यात अर्क फुगून लाकडात शिरतो, थंडीत आकसून बाहेर येतो आणि त्या काळात मुरण्याचा वेग मंदावतो. गोव्यात तो विसावा मिळत नाही. म्हणून कुंकळ्ळीच्या पॉल जॉनसारख्या व्हिस्कीचं वय जपानी वयाशी लावून तिला कमी लेखू नका. इथल्या पाच-सहा वर्षांत लाकडाशी जो व्यवहार होतो, त्याला तिथे कितीतरी अधिक वर्षं लागतात.

यामाझाकी १२ मिळत नाही, मिळाली तर भाव ऐकून परत ठेवावी लागते. कंपन्या मुद्दाम टंचाई करतात का? – एक वाचक, कुडचडे

आज विकायची १२ वर्षांची व्हिस्की १२ वर्षांपूर्वी गाळलेली लागते. जपानमध्ये १९८३ नंतर व्हिस्कीचा खप पंचवीसेक वर्षं घसरत गेला, तेव्हा गाळप कमी केलं गेलं. हान्यू आणि कारुइझावा या डिस्टिलऱ्यांतलं गाळप २००० मध्ये थांबलं. त्यानंतर २००१ मध्ये योइचीच्या १० वर्षांच्या व्हिस्कीला आणि २००३ मध्ये यामाझाकी १२ ला मोठे आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाले. २००८ च्या सुमारास सनटोरीने हायबॉल, म्हणजे बर्फ आणि सोडा घातलेली व्हिस्की, पुन्हा लोकप्रिय केला, २०१४ मध्ये तर ताकेत्सुरू दांपत्याच्या आयुष्यावर बेतलेली दूरदर्शन मालिका घराघरांत पाहिली गेली. मागणी आली तेव्हा गोदामात जुना माल नव्हता. २०१५ मध्ये निक्काने योइची आणि आपल्या दुसऱ्या डिस्टिलरीच्या, मियागिक्योच्या, वय लिहिलेल्या बाटल्या थांबवल्या, २०१८ मध्ये सनटोरीच्या हाकुशू १२ आणि हिबिकी १७ ची विक्री थांबली. तेव्हा टंचाई खरी आहे. तरीही दुप्पट-तिप्पट भाव देऊन वयाचा आकडा विकत घेऊ नका. वय न लिहिलेली योइची किंवा हिबिकी हार्मनी शिकायला पुरेशी आहे.

ग्लास नाकाशी नेला की नुसता स्पिरिटचा झटका बसतो. तुम्ही लिहिता ते फळांचे, चंदनाचे वास मला येतच नाहीत. – एक वाचिका, फोंडा

तुमच्या नाकात दोष नाही. बहुतेक तीन गोष्टी चुकतात: ग्लास, तापमान आणि अंतर. रुंद तोंडाचा ग्लास बाजूला ठेवा, खाली फुगीर आणि वर निमुळता घ्या. २० ते ३० मिलिलिटरच ओता आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. आपल्याकडे मे महिन्यात खोली ३२ अंशांवर असते, तेव्हा अल्कोहोल वेगाने उडतं आणि बाकी सगळं झाकतं. २० ते २२ अंशांच्या खोलीत तीच व्हिस्की वेगळी वाटेल. वाइनसारखा ग्लास गरगर फिरवू नका. हनुवटीपाशी धरून हळूहळू वर आणा, ओठ किंचित उघडे ठेवा आणि वास नाकातोंडातून एकदम घ्या. झटका बसला तर थांबून स्वतःच्या बाहीचा वास घ्या, नाक ताळ्यावर येतं.

मग पाव चमचा पाणी घाला, एक मिनिट थांबा, पुन्हा वास घ्या. असं दोन-तीनदा करा. पहिला घोट फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून, चव दुसऱ्यापासून मोजायची. अगरबत्ती लावलेल्या किंवा मासे तळलेल्या घरात हा प्रयत्न करू नका.

माझं छोटं बार-रेस्टॉरंट आहे. जपानी हायबॉल ठेवला, पण गिऱ्हाईक म्हणतं बेचव आणि पाणचट लागतो. व्हिस्की चांगली वापरतो. लिम्का घातलं तर चालेल का? – एक वाचक, कळंगुट

आधी बर्फ तपासा. मशीनचे पोकळ चौकोन पाच मिनिटांत विरघळतात. त्यातून तुमचा फ्रीझर बांगडे-सुंगटांसाठीही असेल तर बर्फाने तो वास नक्की घेतला आहे. व्हिस्कीच्या बर्फाला वेगळा, झाकणाचा डबा हवा. घट्ट, स्वच्छ बर्फासाठी नव्या जाड थर्माकोलच्या पेटीत उकळून गार केलेलं पाणी भरा आणि झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवा. थंडी फक्त वरून लागत असल्याने बर्फ वरून खाली धरतो आणि हवा तळाकडे ढकलली जाते. १८ ते २४ तासांनी बाहेर काढा, तळाचा पांढुरका भाग कापून टाका आणि वरच्या भागाचे मोठे तुकडे करा.

दुसरी चूक सोड्याची. वायू थंड पाण्यात टिकतो, कोमट पाण्यातून पळतो. सोडा रात्रभर फ्रिजमध्ये, ४-५ अंशांवर हवा. मोठी बाटली उघडून चार ग्लासांना पुरवाल तर चौथ्याला मेलेला सोडा मिळेल. छोट्या बाटल्या घ्या.

आता कृती. ३५० ते ४०० मिलिलिटरचा उंच, सरळ ग्लास पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. काठापर्यंत बर्फ भरा, लांब चमच्याने ढवळून ग्लास गार करा आणि सुटलेलं पाणी ओतून टाका. ४५ मिलिलिटर व्हिस्की घाला, पुन्हा ढवळा, खाली बसलेल्या बर्फावर नवा तुकडा टाका. सोडा तिप्पट ते चौपट, म्हणजे १३५ ते १८०. तो ग्लासच्या कडेने, बर्फाला शक्यतो न लागता ओता, कारण बर्फावर आपटला की वायू सुटतो. शेवटी चमचा तळापर्यंत घालून बर्फ एकदाच हलका उचला. इथे हात थांबवा. सरबतासारखं गरगर ढवळलं की फसफस गेली आणि हायबॉल पाणचट झाला. तयार पेयाची तीव्रता ९ टक्क्यांच्या आसपास येते.

लिंबू पिळू नका. सालीचा नखाएवढा तुकडा ग्लासवर मुरडला की पुरे, आतला पांढरा भाग कडू असतो तो काढा. हाकुशू असेल तर हातावर एकदा थापटलेलं पुदिन्याचं पान छान लागतं. लिम्का हुर्राकला शोभतं. इथे त्याची साखर व्हिस्कीला पूर्ण झाकेल, नका घालू.

जेवणाबरोबर कोणती, कशी घ्यावी? आमच्याकडे रोज मासळी. – एक वाचक, मडगाव

रव्यात तळलेल्या मासळीबरोबर हायबॉल. सोडा जिभेवरचं तेल धुऊन काढतो. तिखट हुमणाबरोबर पाणी-सोडा न घातलेली व्हिस्की टाळा, ४० टक्क्यांचं अल्कोहोल मिरचीचा दाह वाढवतं आणि दोन्हींची चव जाते. जेवताना मिझुवारी करा: एक भाग व्हिस्की, दोन ते अडीच भाग थंड पाणी. आधी फक्त व्हिस्की आणि बर्फ नीट ढवळून गार करा, मग पाणी. बारमध्ये साडेतेरा वेळा ढवळायची रीत सांगतात. आकडा चुकला तरी हरकत नाही, ग्लासला बाहेरून दव धरायला हवं.

पावसाळ्यात बाटल्यांच्या लेबलांना बुरशी येते. परवा एका बाटलीचं बूच अर्धं आत तुटलं. व्हिस्की फुकट गेली का? – एक वाचक, पेडणे

नाही. बुचाचे तुकडे व्हिस्की बिघडवत नाहीत. ती कॉफीच्या कागदी गाळणीतून किंवा धुतलेल्या मलमलीतून दुसऱ्या कोरड्या काचेच्या बाटलीत गाळून घ्या आणि फिरकीचं झाकण लावा. उरलेलं बूच आत ढकललं तरी चालेल, आधी तोंडाशी अडकलेला भुगा पुसून काढा.

व्हिस्कीची बाटली वाइनसारखी आडवी ठेवू नका, तीव्र अल्कोहोलने बूच झिजून ठिसूळ होतं. बाटली उभीच ठेवावी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी क्षणभर उलटी करून बूच ओलं करावं. उन्हाची खिडकी आणि गॅसजवळचं कपाट टाळा. लेबल जपायचं असेल तर बाटलीला पातळ प्लॅस्टिक गुंडाळा आणि पुठ्ठ्याचं खोकं भिंतीला टेकवू नका, ओल तिथूनच येते. बाटलीत तिसरा भाग उरला की आतली हवा वास मंदावते. तेव्हा उरलेली व्हिस्की लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा आणि वरून तारखेची चिठ्ठी चिकटवा.